रंगपेटी पुन्हा कशी उघडते?

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांनी हे पाहिलेलं आहे. मुलगी सातवी-आठवीपर्यंत हाताला लागेल त्या कागदावर चित्रं काढत असते. वहीची मागची पानं, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, जुन्या कॅलेंडरचे उलटे कागद, काही म्हणता काही सुटत नाही. मग शाळेत चित्रकलेच्या सरांच्या लक्षात येतं. ती एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसते, पुढे इंटरमिजिएटला. संध्याकाळी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असा सराव चालतो. चांगली श्रेणी मिळते, दहावीच्या गुणांत भर पडते, घरात पेढे वाटले जातात. आणि रंगपेटी माळ्यावर जाते.

आईवडील म्हणतात, अभ्यास वाढला. ते खरं असतं, पण पुरतं खरं नसतं. कारण मे महिन्याची सुट्टी येते, मुलगी दुपारभर रिकामी असते, तरी पेटी खाली उतरत नाही. जिची चित्रकला पास झाली, तिचंच चित्र का थांबलं?

हेच कोडं मोठ्या चित्रकारांच्या बाबतीत अधिक ठळक दिसतं. वर्ष-दोन वर्षं राबून एखादा चित्रकार प्रदर्शन भरवतो. लोक येतात, कौतुक होतं, कधी चार चित्रं विकलीही जातात. आता डोक्यावर मुदत नाही, म्हणजे तो मनसोक्त रंगवेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रदर्शनानंतरचे कित्येक आठवडे त्याच्या हातून धड रेघ उमटत नाही. उमटली तरी ती आधीच्याच चित्रांची नक्कल वाटते. खेळकरपणा नावाची जी गोष्ट त्याला मुळात चित्रकलेकडे घेऊन आली, तीच हरवलेली असते.

थकवा हे याचं एक कारण आहे, पण थकवा झोपेने जातो. ही अडचण झोपेने जात नाही. तिच्यामागे मनाची आणि मेंदूची एक रीत आहे, आणि ती समजली तर परतीची वाटही समजते.

सात दिवसांची भिंत

मुंबईत काळा घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या चित्रकाराला एकदा तरी तिथे चित्रं लावायची असतात. गॅलरी मिळते साधारण आठवड्यासाठी, मंगळवार ते सोमवार, आणि तिच्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

समजा, जालना जिल्ह्यातल्या धावड्यातला एखादा तरुण चित्रकार आहे. धावडा म्हणजे भोकरदन तालुक्याचं उत्तरेकडचं टोक, अजिंठा-बुलढाणा रस्त्यावरचं गाव. शाळेच्या भिंती रंगवणं, दुकानांच्या पाट्या, गणपतीच्या दिवसांत मूर्तीकाम आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं, असं त्याचं चालू असतं. एक दिवस गॅलरीची तारीख मिळाल्याचं पत्र येतं आणि त्याच्या कामाचा स्वभावच पालटतो.

आता चित्रं सुटी-सुटी चालणार नाहीत, त्यांची मालिका हवी. भिंतीची लांबी मोजून आकार ठरवायचे. माहितीपत्रकात या चित्रांमागचा विचार चार ओळींत लिहून द्यायचा, म्हणजे तो विचार आधी ठरवायचा आणि मग चित्रांनी त्याच्याशी इमान राखायचं. फ्रेमवाल्याचा हिशोब, टेम्पोचं भाडं, प्रत्येक चित्राची किंमत. शेवटच्या सहा महिन्यांत काढलेलं प्रत्येक चित्र कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर म्हणून काढलेलं असतं. यात गैर काहीच नाही. प्रदर्शन अशाच शिस्तीने उभं राहतं, आणि ही शिस्त ज्यांना जमत नाही त्यांची चांगली चित्रंही घरात धूळ खात पडतात.

सोमवारी संध्याकाळी भिंत रिकामी करावी लागते, मंगळवारी दुसऱ्याची चित्रं लागायची असतात. न विकलेली चित्रं गोणपाटात गुंडाळून तो गावी येतो. दारातच पहिला प्रश्न येतो, ‘किती गेली?’ दुसरा प्रश्न, ‘आता पुढचं कधी?’ काही दिवसांनी तो कागद घेऊन बसतो. एक रेघ ओढतो आणि ती वाळण्याआधीच मनात सुरू होतं: ही मालिकेत बसेल का? लोकांना कळेल का? याला किती मागायचे? प्रदर्शन संपलेलं असतं, पण ते पाहायला आलेले डोळे त्याच्याबरोबर घरी आलेले असतात.

चाकोरी कशी पडते

रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक जुना गोंधळ सोडवला. काही प्रयोगांत असं दिसत होतं की पाहणारे असले की माणूस जास्त चांगलं काम करतो. काहींत दिसत होतं की तो चुकतो. झायॉन्क यांचं म्हणणं असं की दोन्ही खरं आहे. पाहणारे असले की शरीर-मन ताठ होतं आणि अशा वेळी जी कृती सर्वांत सरावाची असते तीच पुढे येते. सरावाची कृती बरोबर असेल तर काम उत्तम होतं. नवीन काही शोधायचं असेल, तर तीच सरावाची कृती आड येते.

त्यांनी पुढे झुरळांवरही प्रयोग केला. दिवा लावला की झुरळ उजेडापासून पळतं. सरळ मार्गात, बाजूच्या पारदर्शक पेट्यांतून इतर झुरळं ‘पाहत’ असताना, ते अधिक वेगाने पळालं. वळणाच्या मार्गात मात्र त्याच प्रेक्षकांमुळे त्याला जास्त वेळ लागला. झुरळाला कीर्तीची हाव नसते. तेव्हा पाहणाऱ्यांचा परिणाम हा अहंकाराच्याही खालचा, प्राण्याच्या घडणीतला परिणाम आहे. चित्रकाराला ‘तुझ्या डोक्यात हवा गेली’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मराठवाड्याच्या काळ्या मातीत गाडीवाटेचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात चिखलातून त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गाडी गेली की चाकांच्या चाकोऱ्या खोल रुततात. त्या वेळी त्या उपयोगाच्याच असतात, गाडी भरकटत नाही. पाऊस सरतो, माती वाळते आणि त्याच चाकोऱ्या कडक होतात. आता रान मोकळं आहे, गाडी कुठूनही नेता येईल, पण चाक त्या खोबणीत पडलं की बाहेर निघत नाही. जोर लावला तर कणा मोडायची भीती. भरलेली गाडी तर निघतच नाही. ती रिकामी करावी लागते, मग थोड्या हिसक्याने चाक वर येतं.

प्रदर्शनाची तयारी म्हणजे हा ओल्या मातीतला प्रवास आहे. तोच रंगमेळ, तोच आकार, तोच हात, शेकडो वेळा. दडपणाखाली केलेला सराव खोल बसतो. प्रदर्शनानंतर चित्रकार नवं काही करू पाहतो तेव्हा त्याचा हात जुन्या खोबणीत जातो आणि तो घाबरून अधिक जोर लावतो. ‘या वेळी काहीतरी मोठं करतो’ म्हणून सहा फुटी कॅनव्हास ताणतो. म्हणजे गाडी आणखी भरतो.

बक्षीस आधी ठरलं की

आता रंगपेटीच्या कोड्याकडे वळू. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग मला प्रत्येक कलाशिक्षकाला सांगावासा वाटतो. ज्या मुलांना आपणहून चित्र काढायला आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र काढायला दिलं आणि नंतर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच नाही.

एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली. कुणाला काही सांगितलं नाही, लपून निरीक्षण केलं. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांजवळ थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र तशीच होती. म्हणजे बक्षीस मिळणं घातक नव्हतं. ‘मी हे बक्षिसासाठी करतोय’ असा करार मनात होणं घातक होतं. एकदा तो करार झाला की बक्षीस नसताना तेच काम बिनकामाचं वाटू लागतं. मेंदू जणू विचारतो, आता कशासाठी?

मुलांचं ठीक, पण मुरलेल्या चित्रकारांचं काय? टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली २३ व्यावसायिक कलावंतांकडून प्रत्येकी दहा मागणीवरून केलेल्या आणि दहा स्वतःहून केलेल्या कलाकृती मागवल्या. कोणती कोणत्या प्रकारची हे न सांगता जाणकारांना दाखवल्या. हाताची सफाई दोन्हींत सारखीच भरली. नावीन्य मात्र मागणीवरच्या कामात कमी दिसलं, आणि जिथे कलावंताला अटींचा काच अधिक वाटला होता तिथे ते जास्तच कमी. हा निष्कर्ष नीट वाचला पाहिजे. पैसे घेतल्याने कला बाटते असं तो सांगत नाही. ती भाबडी समजूत गरीब कलावंतांना उपाशी ठेवायला फार उपयोगी पडते, म्हणून मला तिची चीड आहे. तो एवढंच सांगतो की सफाई टिकते आणि खेळ आटतो. प्रदर्शनानंतरच्या चित्रकाराची तक्रार नेमकी हीच असते: हात चांगला चालतोय, पण मजा येत नाही.

मांजराचा एक पुंजका

खेळकरपणा म्हणजे नेमकं काय, तो मेंदूत कुठे असतो, यावर याक पांकसेप या शास्त्रज्ञांनी आयुष्य घालवलं. त्यांचे प्रयोग उंदरांवर होते. उंदराची पिल्लं एकमेकांना खाली पाडून, मानेला हुंगून कुस्ती खेळतात. मेंदूचा वरचा, विचार करणारा थर जन्मल्यावर लगेच काढून टाकलेली पिल्लंही खेळतात, असं पांकसेप यांना दिसलं. म्हणजे खेळ मेंदूच्या खोल, जुन्या भागातून येतो. तो बुद्धीने ठरवून करायची गोष्ट नाही आणि म्हणून बुद्धीने हुकूम सोडून आणताही येत नाही. ‘आजपासून मी खेळकर होणार’ हा संकल्प फसतो तो यामुळे.

दुसरा प्रयोग आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. मस्तीत खेळणाऱ्या पिल्लांच्या पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा एक छोटा पुंजका ठेवला. त्या पिल्लांनी जन्मात मांजर पाहिलेलं नव्हतं. तरी खेळ तत्काळ थांबला. पुंजका उचलल्यावर धोका संपला, पण खेळ लगेच सुरू झाला नाही. पुढचे काही दिवस ती पिल्लं त्या जागी जपूनच वावरली. ज्यांच्या पिंजऱ्यात पुंजका आलाच नव्हता ती मात्र रोजच्यासारखी खेळत राहिली.

भीती जायला वेळ लागतो आणि ती ज्या जागेत आली त्या जागेला चिकटून राहते. प्रदर्शनानंतर ज्या टेबलावर, ज्या दिव्याखाली, ज्या कॅनव्हाससमोर आपण मुदतीची धास्ती भोगली तिथेच पुन्हा बसून खेळ यावा अशी अपेक्षा करणं म्हणजे त्या पिल्लाला त्याच पिंजऱ्यात खेळ म्हणून दटावणं. जागा बदलणं हा इथे लाड नाही, औषध आहे. ओसरी, गच्ची, शेतातला गोठा, काहीही चालेल.

पांकसेप यांच्या कामातली आणखी एक गोष्ट चित्रकाराने खिशात ठेवावी. दोन पिल्लांत एक मोठं असलं आणि तेच सतत जिंकत राहिलं, तर लहान पिल्लू त्याला खेळायला बोलावणं सोडून देतं. खेळ चालू राहायचा तर मोठ्याला अधूनमधून हरावं लागतं. प्रदर्शनाने तयार झालेला हात हा चित्रकाराच्या अंगातला मोठा भिडू आहे. तो दर वेळी जिंकतो. त्याला हरवायचं तर डाव्या हाताने काढावं, ब्रशऐवजी बाभळीची काडी घ्यावी, चहाच्या पाण्यात बुडवावी. चित्र वाकडं येईल, आणि वाकडं आलं की आतलं लहान पोर डोकं वर काढेल.

अजिंठ्याच्या छताकडे पाहा

धावड्याहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना एक विचार करून जावं. आपण सगळे तिथे भिंती पाहतो: पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सतराव्यातल्या जातककथा. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, ही विहारं दानातून उभी राहिली. सोळावं लेणं वाकाटक राजाच्या वराहदेव या मंत्र्याने करवलं असं तिथला लेख सांगतो. भिंतीवर बुद्धाची कथा होती, ती श्रद्धेने पाहिली जाणार होती, तिचे प्रसंग आणि पात्रं ठरलेली होती. चित्रकारांनी त्या मर्यादेत जगातली श्रेष्ठ चित्रं काढली.

पण मान वर करा. पहिल्या लेण्याचं छत चौकटी-चौकटींत वाटलेलं आहे आणि त्या चौकटींत फळं, कमळं, पक्षी, कमळांतून धावणारा हत्ती, गमतीशीर मानवी आकृती यांची गर्दी आहे. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची गोल माळ आहे. २३ हंस, आणि एकाची मान दुसऱ्यासारखी वळलेली नाही. या छतांना कथा सांगायची नव्हती. तिथे हाताला सुट्टी होती. पहिल्याच लेण्यातल्या एका खांबावर तर शिल्पकाराने चार हरणांना मिळून एकच डोकं दिलं आहे. कोणत्याही हरणाकडे पाहा, डोकं त्याचंच वाटतं! ही निखळ गंमत आहे आणि ती भक्तीच्या जागी, बुद्धाच्या नजरेच्या टप्प्यात, कुणीही आक्षेप न घेता दीड हजार वर्षं उभी आहे.

मला यातून असं वाटतं की त्या कारागिरांना गंभीर काम आणि खेळ शेजारी-शेजारी ठेवणं माहीत होतं. भिंतीची शिस्त सांभाळायची आणि छतावर मोकळं व्हायचं. आजचा चित्रकार वर्षभर नुसती भिंतच रंगवतो, छत ठेवतच नाही. मग प्रदर्शन संपल्यावर त्याच्याकडे परतायला जागा उरत नाही.

याच लेण्यांनी एका चित्रकाराची उलटी गोष्टही पाहिली. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर होता. जवळपास वीस वर्षं त्याने ते केलं. ती मोठमोठी चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला लावली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सगळी जळाली. प्रदर्शनाचा याहून भयंकर शेवट कुठला? मधल्या काळात गिलने कॅमेरा हाती घेतला होता. दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखी खोली दाखवणारी जोडचित्रं तो टिपत होता आणि १८६४ साली अशा छायाचित्रांची पुस्तकंही निघाली. त्यांत लेणी आहेत, तशीच शिकारीची आणि या परिसराच्या निसर्गाचीही छायाचित्रं आहेत. हुकुमावरून रेघेला रेघ जुळवणाऱ्या माणसाने नवं यंत्र हातात आल्यावर नजर लेण्याबाहेर वळवली, हे मला फार बोलकं वाटतं. साधन बदललं की हाताची जुनी खोड काही काळ निरुपयोगी होते. त्या काळात माणूस पुन्हा पाहू लागतो.

लोकांना न दाखवायचं काम

पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराने १९१६ ते १९२५ या काळात आपल्या मुलासाठी, फेलिक्ससाठी, पन्नासेक हातबाहुल्या केल्या. त्यांतल्या तीस उरल्या आहेत. डोकी कशाची? प्लॅस्टरची, गुरांच्या हाडाची, काड्यापेट्यांची, विजेच्या सॉकेटची. याच वर्षांत क्ले मोठा चित्रकार म्हणून नावारूपाला आला, प्रदर्शनं होत राहिली, बाउहाउससारख्या नामांकित संस्थेत तो शिकवू लागला. बाहुल्या मात्र घरातल्या खेळासाठीच होत्या. त्या दाराच्या चौकटीत पडदा लावून नाचायच्या. क्लेची चित्रं शेवटपर्यंत ताजी राहिली याचं श्रेय मी थोडं या काड्यापेट्यांना देतो.

वासुदेव गायतोंडे यांच्यावर याच क्लेचा प्रभाव होता. नागपुरात १९२४ साली जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. १९८४ साली त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून काम करणं अवघड झालं. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटनं केली. काही खुणा, काही अक्षरांसारखे आकार, भरपूर कोरी जागा. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे आले. मोठ्या कामाचा रस्ता बंद झाला तेव्हा त्यांनी लहान काम कमी प्रतीचं मानलं नाही, ही त्यातली शिकण्याची गोष्ट.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची वाट वेगळी. विणकर सेवा केंद्रात नोकरी, बाहेर चित्रकार म्हणून वाढती प्रतिष्ठा आणि या सगळ्याला समांतर चालणाऱ्या त्यांच्या टिपणवह्या. घड्याळ, पान, टाचणी, सफरचंद अशा साध्या वस्तूंकडे ते त्यांत पुन्हा पुन्हा पाहतात. लिहितात, बाजूला छोटं रेखाटन करतात, खोडतात. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक १९९० साली आलं. चित्र काढण्याआधी चित्रकाराच्या मनात काय चालतं हे मराठीत इतक्या शांतपणे कुणी सांगितलेलं मला ठाऊक नाही. वह्यांतली पानं २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात लोकांनी पाहिली, ते त्यांच्या पश्चात. लिहिताना तिथे पाहणारं कुणी नव्हतं. वही मिटली की झालं.

पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी तर शेवटालाच खेळात ओढलं. १९९२ साली कलकत्त्यात त्यांनी लोकांसमोर देवींची चित्रं रंगवली आणि अखेरीस स्वतःच त्यांच्यावर पांढरा रंग फिरवला. त्याच वर्षी जहांगीरमध्ये त्यांनी चित्रं न लावता पांढरं कापड आणि फाडलेली वर्तमानपत्रं मांडली. तमाशा म्हणून त्यावर टीका झाली. मला त्यात निकालाच्या दहशतीतून सुटण्याची धडपडही दिसते.

हे सगळं जिला शिकवावं लागत नाही ती बाई धावड्यात आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात आहे. सकाळी अंगण झाडून, सडा टाकून ती रांगोळी काढते. दुपारपर्यंत पावलांनी, वाऱ्याने ती पुसट होते. उद्या कोरं अंगण. काल चांगली आली म्हणून आज हात कापत नाही, कारण कालचीचा पुरावाच उरलेला नाही. तिच्यावर कुणी सही मागत नाही. खेळकरपणा टिकवण्याची इतकी पक्की व्यवस्था कुठल्या कलाशाळेत नसेल. मात्र तिचीही रांगोळीस्पर्धा भरली, परीक्षक हिंडू लागले, की ठिपके मोजण्यात हात आखडतोच.

डोक्यात काय होतं

चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी २००८ साली सहा जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचं चित्रण केलं. पाठ असलेली धून वाजवताना आणि मनाने रचत वाजवताना, अशी तुलना होती. मनाने वाजवताना कपाळामागच्या मेंदूचा बाजूचा भाग, जो आपल्या कृतींवर पहारा ठेवतो आणि चुका टिपतो, तो मंदावला. मधला भाग, ज्याचा संबंध ‘मी, माझं’ या जाणिवेशी लावला जातो, तो जागा झाला. सहाच वादक होते, तेव्हा याचा डांगोरा पिटू नये. पण चित्रकारांचा अनुभव याच्याशी जुळतो: पहारेकरी बाजूला झाल्याशिवाय नवीन रेघ येत नाही, आणि प्रदर्शनाचे महिने हे पहारेकऱ्याच्या जादा पाळीचे महिने असतात.

रिकामपणाबद्दलही आता बरंच माहीत आहे. मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की माणूस काही ठरावीक काम करत नसताना मेंदूतलं एक जाळं शांत न बसता उलट अधिक सक्रिय असतं. आठवणी, कल्पना, स्वतःविषयीचे विचार यांची तिथे उलथापालथ चालते. म्हणून प्रदर्शनानंतर ओट्यावर नुसता बसलेला चित्रकार दिसला तर तो बिनकामाचा आहे असं समजू नये. मोबाइल चाळत बसणं हे मात्र रिकामपण नव्हे. तिथे पुन्हा दुसऱ्यांची चित्रं, दुसऱ्यांची प्रदर्शनं आणि पसंतीचे आकडे असतात, म्हणजे पुंजका पिंजऱ्यातच.

चौकट : प्रदर्शनानंतरचे दिवस

उरलेली चित्रं डोळ्यांआड ठेवावीत, भिंतीकडे तोंड करून का होईना. नेहमीच्या टेबलाऐवजी दुसरीकडे बसावं. कागद लहान आणि स्वस्त घ्यावा, वर्तमानपत्राचा चालेल. महाग कागद हाताला धाक घालतो. साधन अनोळखी असावं. एखादा गमतीचा नियम घालून घ्यावा, जसं की रेघ उचलायची नाही किंवा फक्त गेरू आणि काजळ वापरायचं. अगदी मोकळं रान भांबावून टाकतं, छोटा नियम खेळाला कुंपण देतो. काढलेलं कुणाला दाखवू नये, त्याचा फोटो काढू नये. मजा आली तिथेच थांबावं, पुरं करण्याचा अट्टाहास नको. उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, झोप-भूक गेली, तर तो खेळाचा प्रश्न उरत नाही, डॉक्टरांना भेटावं.

घरच्यांसाठी आणि शाळेसाठी

या उपायांचं नियंत्रण चित्रकाराच्या हातात असलं तरी पिंजऱ्यातला पुंजका पुष्कळदा आपण ठेवतो. ‘किती गेली?’ हा प्रश्न आपुलकीनेच विचारलेला असतो. गावाकडे तर तो चुकवणं कठीण, कारण घरातल्या माणसांनी कपाशीच्या पैशांतून फ्रेमांना हातभार लावलेला असतो आणि हिशोब विचारायचा त्यांना हक्कच आहे. तो जरूर विचारावा, एकदा, नीट बसून. त्यानंतर महिनाभर विषय काढू नये. त्याऐवजी पोळ्याला बैल रंगवायला त्याला हाक मारावी. शिंगांना हिंगूळ लावताना आणि पाठीवर गेरूचे ठसे उमटवताना मालिका, किंमत, माहितीपत्रक काही नसतं. बैल संध्याकाळी गोठ्यात जातो आणि पुढच्या पावसात रंग धुऊन निघतात.

आणि चित्रकलेच्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती. इंटरमिजिएटची परीक्षा जरूर घ्या. त्या गुणांचा मुलांना खरा फायदा होतो आणि गावातल्या मुलाला कलाशाळेचं दार तिथूनच दिसतं. पण परीक्षा झाल्यावर लगेच पुढच्या आठवड्यात त्याच मुलांना दोन-तीन तास असे द्या की ज्यांत विषय दिला जाणार नाही, वही तपासली जाणार नाही, चित्र फलकावर लागणार नाही आणि शेवटी कागद मुलांनी घरी न्यायचे की फाडायचे हे त्यांचं तेच ठरवतील. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद आणि कोळशाचे तुकडे पुरतात.